उडणाऱ्या राणीचं कॉमिक वाचावं का?

मैत्रिणींनो, आज जे झालं, ते सांगून राह्यली.

माह्या आठ वर्षांच्या लेकीले, परीले, माह्या भावानं कारंज्याहून कॉमिक आणलं. त्यातल्या गोष्टीत इंग्रज देश सोडून गेलेच नाहीत. एक राणी निळ्या बाटलीतलं औषध पिऊन उडते अन् त्यांच्याशी लढते.

आज मी शेतातल्या खोलीत गेली, तर परीच्या हातात फवारणीच्या औषधाची निळी बाटली. झाकण उघडं!

"पेली काय तू?" मी बाटली हिसकून घेतली.

"नाही आई. वास लय घाण येते. राणी कशी पेत असन?"

तिचे हात धुतले, तोंड हुंगलं, अन् तिले पोटाशी धरून रडली.

मग ते कॉमिक मी पुरं वाचलं. भारी आहे, वाचाच. पण लेकराजवळ बसून वाचा.

तुमी फवारणीचं औषध कुठं ठेवता?