तेल कसं हाय?

"आधी जुनं बघू," असं म्हणून आबा इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून काढायचे, तिच्या टोकाचा थेंब अंगठ्यावर घ्यायचे, बोटानं चोळायचे आणि डोळे मिटून वास घ्यायचे. तुम्ही कितीही घाईत असा, नवा डबा फोडायच्या आधी हे व्हायचंच.

बारामतीहून इंदापूरकडं जाताना डाव्या हाताला त्यांचं ऑइलचं दुकान होतं. दहा बाय दहाचा गाळा, बाहेर एक बाकडं. मी पणदऱ्याचा, दूध संकलन केंद्रावर फॅट काढणारा माणूस. मोटारसायकलच्या तेलासाठी जाऊन जाऊन मी त्या बाकड्याचा मालकच झालो होतो. ते मला डेअरीवाले म्हणायचे. नजर अधू झाली होती, पण बोट शाबूत. ज्या गाडीचं तेल स्वतः बदलतील तिच्या पट्टीच्या कडीला पांढरा दोरा बांधायचे. "माझ्या हाताखालची हाय, एवढं कळलं की झालं," म्हणायचे.

दर रविवारी अकरा वाजता ते लेकीला फोन लावायचे. एकुलती एक, निमगाव केतकीला दिलेली. हात तेलकट म्हणून फोन स्पीकरवर, बाकड्यावर ठेवलेला. बोलणं काय? लग्नात हौसेनं दिलेल्या गाडीचं!

"तेल कसं हाय?"

"बरं हाय, आबा."

"बदललं का?"

"व्हय. परवाच."

"बरं. ठेवतो."

संपलं! मी हसून बेजार व्हायचो. "अहो आबा, लेकीला कुणी असं विचारतं का? जेवलीस का म्हणा, येतीस कवा म्हणा." ते नुसते मान हलवायचे. लेक सणाला येते येते म्हणायची आणि यायची नाही. दोन वर्षं झाली होती. घरात कामं असतील, असं आबाही म्हणायचे आणि मीही.

मग मी चारचाकी गाडी घेतली. जुनीच, पांढरी, बारामतीतल्याच एका एजंटाकडून. पहिल्या मालकाचं नाव कागदावर वाचलं आणि विसरलो. आपल्याला काय करायचंय? रविवारी सकाळी गाडी पुसून आबांच्या दारात उभी केली. बरोबर घरून ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा आणला होता. आमच्या धंद्यात दाट तेच खरं. पातळ दिसलं की आम्ही थेट म्हैसवाल्याच्या तोंडाकडं बघतो.

आबा पोट धरून हसले. "डेअरीवाले, हे म्हशीचं दूध न्हाय! ट्रॅक्टरचं दाट तेल हिच्या बारीक नळ्यांत येळंवर चढायचं न्हाय. सकाळी चालू केली की इंजिन कोरडंच घासत बसंल. गाडीच्या पुस्तकात लिवलंय तेच वतायचं."

"पण आबा, एवढं पातळ?"

"पातळच. तो डबा ठेवा बाजूला, आन् बॉनेट उघडा. आधी जुनं बघू."

त्यांनी पट्टीला हात घातला आणि तो हात तिथंच थांबला. कडीला दोरा नव्हता. लाल रिबिनीचा तुकडा होता, शाळेतल्या पोरी वेणीला बांधतात तसला. आबांनी तो दोन बोटांत धरून पुन्हा पुन्हा चाचपला. मग पट्टी ओढली. तेल काकवीसारखं घट्ट आणि काळंकुट्ट. त्यांनी चोळलं, पण वास काही घेतला नाही.

"ही रिबीन माझ्या पोरीची हाय," ते म्हणाले. "मीच बांधलीय."

मला आधी कळेचना. मग उलगडलं. लेकीची गाडी विकलेली, आणि ती विकत घेऊन मीच त्यांच्या दारात मिरवत आणलेली!

अकरा वाजले नव्हते, तरी त्यांनी फोन लावला. बॉनेट उघडंच होतं.

"तेल कसं हाय गं?"

"बरं हाय, आबा."

"गाडी कुठं हाय?"

"हितंच. दारात उभी हाय."

आबांनी गाडीवर हात ठेवला. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

"डेअरीवाले, निमगावला सोडता?"

"तेल?"

"राहू द्या तेल. चला."

खराब तेलाची गाडी दारातून हलू न देणारा हा माणूस! तेव्हा मी खरा घाबरलो.

लेक गोठ्यातून बाहेर आली. आधी तिनं गाडी पाहिली, मग आबांना, आणि लगबगीनं पदर हातावर ओढला. आबांनी तो बाजूला केला. मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा पडला होता. त्यांनी अंगठ्यानं हलकेच चाचपलं, तेल चाचपायचे तसंच, आणि डोळे मिटले.

सासू दारात येऊन म्हणाली, "पडली ती परवा." तिच्या हातात लेकीचा फोन होता. दर रविवारी या सासूसमोरच लेक 'बरं हाय' म्हणायची, हे मला तिथं उभ्या उभ्या उमगलं. जावई घरात असून बाहेर आला नाही.

"गाडीत बस," आबा लेकीला म्हणाले. ती अंगावरच्या कपड्यानिशी बसली. सासूनं बरीच आरडाओरड केली. आबांनी तिच्याकडं वळूनही पाहिलं नाही.

बारामतीत आधी लेकीला दवाखान्यात दाखवलं, मग पोलिसांत गेलो. ते सगळं उरकून दुकानावर आलो तेव्हा लेक बाकड्यावर भिंतीला टेकून झोपली. आबा गाडीखाली परात सरकवून जुनं तेल काढत बसले. मी नको नको म्हणालो, पण ऐकतील तर ना! तेल निथळताना ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "दोन वरीस मी तेलाचंच इचारलं, डेअरीवाले. तिला कशी हाईस म्हणून एकदाबी इचारलं न्हाय."

आणि हा म्हातारा ढसाढसा रडला. त्या फोनवर दोन वर्षं हसणारा मी, मला तर तोंड कुठं लपवू असं झालं.

मागच्या थंडीत आबा गेले. दुकान आता लेक चालवते. परवा तेल बदलायला गेलो. बाकड्यावर कुणी नव्हतं. सवयीनं मी बॉनेट उघडायला वाकलो, तर तिनं मला थांबवलं.

"ते बघू मग," ती म्हणाली. "काका, आधी सांगा, तुमी कसं हायसा?"

बॉनेट तसंच सोडून मी बाकड्यावर बसलो.