जूनमधलं पोट

माणसाचा देह मातीचा असतो म्हणतात. माझ्या मावशीच्या यजमानांचा देह मात्र वर्षभर नुसता हाडांचा आणि जून महिन्यात निव्वळ फणसाचा असायचा. बोरिवलीला आमच्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत ते राहत. मावशीकडे घर सोपवून काका दर मे महिन्यात मालवणकडच्या गावी थोरल्या बहिणीकडे जात. जाताना शेवग्याची शेंग. परतताना रिक्षातून आधी पोट उतरायचं, मागाहून काका. ही बहीण म्हणजे आक्का. आई लवकर गेल्यावर आक्कानेच काकांना वाढवलं होतं, आणि भाऊ पन्नाशीला आला तरी ते काम आता संपलं आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. भाऊ पोचला की ती त्याच्या कमरेला नवा करगोटा, म्हणजे काळा दोरा, बांधायची आणि निघायच्या दिवशी त्यात बोट घालून बघायची. बोट सहज आत गेलं तर "माका लोक काय म्हणतले?" म्हणून रडायला लागायची. काकांचा स्वभाव मोठा हळवा. त्यांनी ते बोट कधी आत जाऊ दिलं नाही.

पंचाईत व्हायची ती मुंबईत आल्यावर. गिरणी बंद पडल्यानंतर बराच काळ घरी बसून काकांना अंधेरीच्या एका कंपनीत फाटकावरची नोकरी मिळाली होती. कंपनीने खाकी गणवेश शिवून दिला होता, पण माप घेतलं होतं ऐन थंडीत, काका शेवग्याची शेंग असताना. गणवेशाशिवाय फाटकावर उभं राहायचं नाही, असा तिथला कडक कायदा. "बटण लागलं नाही तर नोकरी जाईल, नि मग बसा गावच्या फणसाला मिठी मारून!" मावशी करवादायची. काका ढिम्म. त्यांचं याबाबत एक तत्त्वज्ञान होतं. ते मला म्हणायचे, "अरे, ह्या वजन माझा न्हय. पावणो इलोहा. चार दिस ऱ्हवतलो नि जातलो. इल्या इल्या त्याका जा म्हणूचा काय?"

तरी पाहुण्याला वाटेला लावायचे प्रयत्न ते इमानदारीने करत. रोज पहाटे नॅशनल पार्कात चालायला जात. सोबतीला तळमजल्यावरचे गुजराती भाई. भाईंना परतताना फाफडा लागायचा, आणि एक माणूस खातो नि दुसरा बघतो हे काकांना असभ्य वाटायचं. "अरे, तो एकटोच खाता, बरा दिसता काय?" असं ते मलाच उलट विचारत. मग उपासाचा प्रयोग झाला. पण साबुदाण्याची खिचडी मावशी अशी झकास करायची, की सोमवारचा उपास गुरुवारपर्यंत लांबला. शिवाय आक्काने बांधून दिलेली पिशवी होतीच. फणसपोळी, आंबापोळी, खाजं, ओल्या काजूगरांचं काहीबाही. हे सगळं समोर असताना पथ्य कसलं जमतंय, म्हणून काका ते आधी संपवायला बसत. रोगाच्या मुळावरच घाव घालतोय, असा त्यांचा दावा होता.

तोवर मावशी पँटच्या मागच्या शिवणीत खाकी कापडाची पट्टी घालून वेळ मारून न्यायची. उरलेलं काका श्वासावर निभावत. साहेबांची गाडी वळली की पोट आत, छाती पुढे आणि सलाम. एकदा साहेबांनी काच खाली करून नेमकी गावची चौकशी केली. तोंड उघडलं तर श्वास सुटणार, श्वास सुटला तर बटण जाणार. काका लालबुंद होऊन नुसते मान हलवत राहिले. साहेबांना वाटलं, काय हा विनय! तेव्हापासून कंपनीत काकांची शिस्तीचा माणूस म्हणून ख्याती झाली.

एका वर्षी मात्र काका रिक्षातून उतरले आणि मावशी दारातच थबकली. ती पट्टी आणि सुईदोरा घेऊन तयारच होती. काकांच्या गळ्याची हाडं वर आली होती. "अहो, आजारी होतात काय? कळवायचं तरी!"

"आजारी कित्याक?" काका खुर्चीत टेकले. "आक्काक आता धड दिसणा नाय. चुलीकडे बसली की हात भाजून घेता. म्हयनोभर मियाच रांधलंय."

"तुम्ही? तुम्हाला चहा तरी येतो का?"

"ती सांगी तसा केलंय. अर्धा करपला. तरी खाल्ल्यान बिचारीन." काकांच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान आला, की मला हसावं की काय करावं कळेना. "पण भरली गो आक्का जरा. गालार मांस इला."

त्या जूनमध्ये खाकी पँटचं बटण पहिल्याच झटक्याला लागलं. फाटकावरची नोकरी पक्की होती, श्वास धरायची गरज नव्हती, आणि आम्हा कुणालाच त्याचं बरं वाटलं नाही. काका त्या दिवशी नको नको म्हणत असताना मावशीने त्यांच्या भातावर तुपाची धार धरली, ती बराच वेळ थांबवली नाही.