कोर्टाजवळची खोली

तमाम प्रवासी, यात्रेकरू आणि वळकटी खांद्यावर टाकून हिंडणाऱ्या जनतेस या जाहीर सूचनेद्वारे कळविण्यात येते की, दक्षिण हिंदुस्थानात स्वस्त खोली कशी मिळवावी या अत्यंत गंभीर प्रश्नाचा निकाल घाटंजी तालुक्यातल्या एका कास्तकाराने फार पूर्वीच लावलेला असून, त्यावर अपील चालणार नाही. निकाल असा: स्टेशनाबाहेर यावे, टांग्यात बसावे आणि एकच शब्द उच्चारावा. "कोर्ट!"

हा निकाल देणारे न्यायमूर्ती म्हणजे माझे सख्खे मामा. सारा गाव त्यांना वादी म्हणायचा, म्हणून ते आमचे वादीमामा. त्यांच्या वावराला लागून त्यांच्या चुलतभावाचं, नानाचं वावर. नाना प्रतिवादी, आणि आईच्या नात्यानं तोही माझा मामाच. दोन वावरांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बाभूळ होती. धुरा कोणी सरकवला आणि बाभूळ कोणाची, यावर यवतमाळच्या कोर्टात दावा चालू होता. त्या काळात आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि तिथून महाराष्ट्रात आला. राजधान्या हलल्या, शाळेतले नकाशे बदलले. मामांची केस मात्र जागची हलली नाही. मध्येच एका वादळात ती बाभूळही आडवी झाली. मी म्हटलं, "मामा, आता झाडच राहिलं नाही." मामा म्हणाले, "झाड पडलं म्हणून का हक्क पडते, मास्तर?"

मी तेव्हा पांढरकवड्याला नुकताच मास्तर झालो होतो, आणि मामा मला त्या पदवीनं हाक मारून माझी यथेच्छ टिंगल करत.

दावा दाखल झाला त्या दिवसापासून दोन घरांचं पाणी बंद झालं. याच्या घरी तो जाणार नाही, त्याच्या ओट्यावर हा टेकणार नाही. लग्न असो, बारसं असो, दोघं दोन टोकांना. पण तारखेच्या दिवशी काय घडे, हे ज्यानं पाहिलं नाही त्याचा जन्म फुकट गेला! पहाटेच वादीमामांची रेंगी बाहेर निघे आणि तिला बैल जुंपलेले असत प्रतिवादीचे. कोर्टाचा इतका खर्च चालू असताना दोन रेंग्या कशाला न्यायच्या, हा सरळ व्यवहार. एकाच थानातून शिवलेले काळे कोट घालून दोघं शेजारी बसत. गावात असेपर्यंत तोंडं दोन दिशांना. शीव ओलांडली की नाना हळूच विचारी, "काय आनलं बे आज?" मामा फडकं सोडत, "वांगे हाये. खा लेका, तुह्या वकिलानं तर तुले उपाशी मारलं." पाणीबंदी गावापुरती होती, शिवेपलीकडे ती चालत नसे.

त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी लागून कोर्ट बंद झालं की दोघांनाही करमत नसे. मामा कोट काढून झटकत आणि पुन्हा खुंटीला टांगत. अशाच एका मे महिन्यात त्यांनी रामेश्वरला जायचं काढलं, आणि दुसऱ्या दिवशी नानानंही काढलं. इंग्रजी बोलायला म्हणून मला सोबत घेतलं. निघताना आईनं मला बाजूला ओढलं.

"हे पाय, तीर्थावर आवडती वस्तू सोडा लागते. त्या दोघायले केस सोडाले लाव. भाऊबीजेले एक सकायी येते, एक संध्याकायी येते. मले दोघायले एकाच वक्ती, पाटाले पाट लावून ओवाळाचं हाये. नाही जमलं तर तू बी येऊ नको घरी."

पांढरकवड्याहून मोटारीनं आदिलाबाद, तिथून हैद्राबाद. तिथं मामांनी आपला सिद्धांत मांडला. "देवळाजवय उतराचं नाही, तिथं पंडे भाव चढवतेत. टेसनाजवय नाही, तिथं ढेकनं. कोर्टाजवय उतराचं. तारखेले खेड्यातला मानूस येते. तो का महालात राह्यते? अन् आता तर सुट्टी. लॉजवाला मक्ख्या मारत बसला असन. आपल्याले पाहून हात जोडन तो!"

"आणि टांगेवाल्यानं जास्त मागितले तर?" मी विचारलं.

"कोर्टात जानाऱ्याले कोन लुटते? त्याले वकिलानं आधीच लुटलेला असते."

पहिलाच प्रयोग सपशेल फसला, हे नमूद करणं माझं कर्तव्य आहे. टांगेवाल्यानं दोघांचे काळे कोट पाहून आम्हाला थेट हायकोर्टापाशी नेलं. तिथल्या खोल्यांचे भाव ऐकून नाना खाली फुटपाथवरच बसला. मामा डगमगले नाहीत. "गलती झाली. हायकोर्टाजवय अपीलवाले उतरतेत, त्यायचा खिसा मोठा. आपल्याले लहान कोर्ट पाह्यजे." आणि खरंच, मद्रासेपासून पुढे लहान कोर्टानं आम्हाला कधी दगा दिला नाही.

खोली घेण्याची त्यांची रीत ठरलेली. आधी कडी लावून पाहायची, मग भिंतीला दोन मजबूत खिळे आहेत का ते पाहायचं. "एक माह्या कोटाले, एक दुश्मनाच्या." मी एकदा सुचवलं की नानामामांना वेगळी खोली घेऊ. मामांनी माझ्याकडे कीव करत पाहिलं. "डबल खोली सस्ती पडते. अन् दुश्मन डोयासमोर असला का मानसाले झोप चांगली लागते." ते अक्षरशः खरं होतं. नाना घोरायला लागला की मामा समाधानानं कूस बदलत आणि स्वतः घोरू लागत. जागा राहायचा तो मी, तटस्थ साक्षीदार!

मदुरेचा लॉजवाला मी विसरणार नाही. कपाळभर भस्म, उघडं अंग, सुट्टीमुळं ओस पडलेला व्हरांडा. त्यानं आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, "सिव्हिल? क्रिमिनल?"

भाषांतराची वाट न पाहता मामा छाती काढून गरजले, "शिव्हिल!"

त्याचा चेहरा उजळला. मोडक्या इंग्रजीत त्यानं मला सांगितलं की क्रिमिनलवाल्याकडून तो भाडं आगाऊ घेतो, कारण संध्याकाळी तो परत येईलच असं नाही. सिव्हिलवाला मात्र वर्षानुवर्षं येत राहतो. मग त्यानं विचारलं, विरुद्ध पक्ष कुठे आहे? मी ते मराठीत सांगताच मामांनी ट्रंकेवर बसून पाय दाबत असलेल्या नानाकडे बोट केलं. "हा काय, बसला हाये!"

लॉजवाला आधी हसला. मग गंभीर झाला. मग त्यानं आतून बायकोला बोलावून आणलं. ती माउली कॉफीचे पेले घेऊन आली आणि दाराशी उभी राहून या दोघांकडे अशी पाहत राहिली, जणू मीनाक्षीच्या देवळात आणखी दोन मूर्ती निघाल्या आहेत.

जेवायला खाली गेलो. केळीची पानं शेजारी शेजारी मांडलेली. वाढप्यानं नानाच्या भातावर रस्सम ओतलं. ते पानावरून निघालं आणि टेबलाच्या उतारानं सरळ मामांच्या पानात शिरलं. मामा उभे राहिले. "ए नाना! तुह्यं पानी माह्या हद्दीत येऊन राह्यलं!"

नानानं शांतपणे भाताचा एक गोळा घेऊन मध्ये ओळीनं लिंपला. "घे. घातला धुरा."

"माह्या आंगाले सरकवला तू!"

"मंग अपील कर."

मी घाबरून दोघांकडे पाहिलं. मामांनी नानाकडे पाहिलं, धुऱ्याकडे पाहिलं, मग त्या धुऱ्यातलाच भात कालवून खाल्ला आणि दोघं इतके हसले, की नानाला ठसका लागला आणि मामांनी त्याच्या पाठीत गुद्दे घातले. मला वाटलं, आईचं काम झालं!

समुद्रावरच्या पुलावरून गाडी रामेश्वरला पोचली. टांग्यात बसताच मामांनी सवयीनं सांगितलं, "कोर्ट." टांगेवाल्यानं नकारार्थी मान हलवली.

"कोर्ट नाही इथं?" मामा हादरले. "मंग लोकं भांडतेत कुठी?"

नाइलाजानं धर्मशाळेत उतरलो. सकाळी समुद्रात कमरेइतक्या पाण्यात दोघं शेजारी उभे राहिले. मी काठावरून आईचा निरोप ओरडून सांगितला. "मामा, आवडती वस्तू सोडायची आहे! केस सोडा, दोघंही!"

लाटा येत होत्या, जात होत्या. वादीनं प्रतिवादीकडे पाहिलं. प्रतिवादीनं वादीकडे पाहिलं. इतकी भेदरलेली माणसं मी कोर्टातसुद्धा पाहिली नव्हती.

"म्या वांगं सोडलं!" मामा घाईघाईनं बोलले आणि नाक दाबून बुडी मारली.

"मी बी वांगं!" असं म्हणत नानाही गडप झाला.

आईनं ते ऐकलं तेव्हा तिनं माझ्या ताटातली वांग्याची भाजी उचलून नेली. "वऱ्हाडातला मानूस वांगं सोडते, अन् केस नाही सोडत! देवाले तरी काय वाटलं असन!" दिवाळीत तिनं पुन्हा सकाळी एकाला आणि संध्याकाळी दुसऱ्याला ओवाळलं. तारखेला रेंगी निघतच राहिली. शिदोरीत आता वांग्याऐवजी पिठलं असे, आणि त्याबद्दल दोघं एकमेकांना बोल लावत.

एका हिवाळ्यात, कापूस वेचणीला आलेला असताना, वादीमामा गेले. फार आजारी पडलेच नाहीत. तारीख तोंडावर आली होती. कोट धुऊन, वाळवून खुंटीला टांगलेला होता.

अंगण माणसांनी भरलं. पण सगळ्यांच्या नजरा फाटकाकडे. नाना येईल का? पाणीबंदी पडल्यापासून तो या उंबऱ्यात आला नव्हता. आणि आला तर मामांचा मुलगा त्याला आत येऊ देईल का? तो मुलगा दारातच उभा होता, हाताची घडी घालून.

नाना आला. अंगात तारखेचा काळा कोट. पायताण बाहेर काढून तो मान खाली घालून सरळ चालत आला. मुलानं एकदा त्या कोटाकडे पाहिलं आणि वाट सोडली. नाना भावाच्या उशाशी बसला. आई शेजारीच होती. रडता रडता ती म्हणाली, "नाना, आता तरी सोड ती केस."

नानानं मान वर केली. समोर खुंटीवर दुसरा कोट होता. त्याच्याकडे बघत तो एवढ्या मोठ्यानं बोलला, की अंगणाच्या पार टोकाला उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेलं:

"सोडली वं बाई, सोडली. पन आता तारखेले मी कोनासंग जाऊ?"