किनारा मी निवडला

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. हे आधीच सांगते, कारण गेल्या दिवाळीनंतर हॉस्टेलच्या खोलीतल्या आम्हा चौघींसाठी किनारा मीच निवडला होता.

कल्पना नाशिकच्या मुलीची. तिच्या घरची गाडी पुण्यातच असायची आणि ती चालवायचीही छान. "कुठंतरी उबदार जाऊ या. समुद्र हवा, आणि सर्फिंग शिकायचंच," ती म्हणाली. सोलापूरची आणि नागपूरची लगेच तयार झाल्या.

"पण शोधणार कोण?"

"ही आहे ना आपली मुळशी! हिला सगळं नीट लागतं."

मुळशी म्हणजे मी, माझ्या तालुक्यावरून. तिघी हसल्या, मीही हसले. मला खरं तर फार बरं वाटलं होतं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्या खोलीत मला कुणी काही सोपवावं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

मी मनापासून शोधलं. केरळात त्या दिवसांत पाऊस असतो, म्हणून ते सोडलं. गोव्याच्या गर्दीला नागपूरची नाही म्हणाली. शिकणाऱ्यांना लाटा लहान हव्यात, पाण्याखाली खडक नको, वाळू हवी. शिकवायला बाई असेल तर सोलापूरच्या घरचे पाठवणार होते. फोन करून करून शेवटी मालवणच्या बाजूचा एक किनारा सापडला. पाणी कोमट, राहायची सोय घरगुती, फळीवर उभं राहायला शिकवणारी बाई तिथलीच. चौघींत पोहता मला एकटीलाच येत होतं. लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून धरणाच्या पाण्यात शिकले होते. त्यामुळे मनातल्या मनात मी त्या फळीवर कधीच उभी राहिले होते.

अडचण एकच होती. गावाकडची भाताची झोडणी. आमच्याकडे हे काम सावडीनं चालतं. आज तुम्ही आमच्या खळ्यावर या, उद्या आम्ही तुमच्या. मजुरी कुणी देत नाही, मागत नाही. पण ज्यांनी आपल्याकडे हात लावला, त्यांच्याकडे काम निघालं की जावंच लागतं. चुलतीकडची सगळी माणसं आमच्याकडे येऊन गेली होती. आता आमची पाळी होती.

"आठवडाभर पुढं ढकलाल का?" मी खोलीत विचारलं. का ते सांगितलंही.

"बघू ना," नाशिकची म्हणाली.

मी ते 'हो' धरलं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती भाऱ्यावरून मान वर न करता म्हणाली, "त्येंचं काम तू केलंस न्हवं? मग थांबतील की. न थांबून कसं चालंल?"

मलाही तसंच वाटत होतं. किनारा शोधणं हे माझं त्यांच्या खळ्यावरचं काम होतं, आणि आता त्यांनी माझ्यासाठी थांबायचं होतं. इतकं साधं. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग नाशिकचीचा फोन आला. "अगं, खोल्या त्याच तारखांना मिळाल्या. सॉरी यार. पण ताम्हिणीवरूनच जाणार आहोत, तुझ्याकडे चहाला थांबतो!"

आणि खरंच थांबल्या. सकाळी गाडी दारात उभी राहिली. मी खळ्यावरून तशीच आले, केसांत भुसा. आईनं चहा केला, पोहे केले. नागपूरची अंगणात उभी राहून फोटो काढत होती. "किती लकी आहेस गं तू, अशा ठिकाणी राहतेस!"

नाशिकचीनं विचारलं, "त्या बाई सकाळी किती वाजता बोलावतात म्हणाली होतीस? आणि भरतीचं काय ते?"

मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी उन्हात फार वेळ राहू नका, हेसुद्धा सांगितलं.

गाडीच्या मागच्या सीटवर एक जागा रिकामी होती. तिच्यावर बॅगा ठेवल्या होत्या. आईनं खिडकीतून आत पाहिलं आणि सरळ म्हणाली, "जागा तर हाय की."

नाशिकचीनं गाडी सुरू केली. मग सोलापूरची म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी नक्की नेतो हिला."

गाडी घाटाकडे वळली. आई कपबशा गोळा करत होती, मी ओढणी कमरेला खोचली.

"आता त्या कवा येनार आपल्याकडं सावडीला?" तिनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"येतील," मी म्हणाले आणि चुलतीच्या खळ्यावर गेले. बाकड्यावर भाऱ्याची पेंढी आपटायला लागले. दाणे सुटून गेले तरी मी तीच पेंढी आपटत होते. चुलतीनं शेवटी ती माझ्या हातातून काढून घेतली.