माईकवाल्याचा हात

माझ्या धाकट्या भावाला आमच्या भागात कुणी नावानं ओळखत नाही. सगळे त्याला ‘हॅलो’ म्हणतात. शाळेचं बक्षीस वाटप असो, कुणाचं लग्न असो नाहीतर पुढाऱ्याची सभा, स्टेजवर सगळ्यांच्या आधी हा चढणार, माईकवर बोट आपटणार आणि ‘हॅलो, हॅलो’ करून खाली उतरणार. सव्वीस वर्षांत माईकवर त्यानं दुसरा शब्द उच्चारला नाही. अशा माणसावर सरकारनं खटला भरला. कशासाठी, ते सांगताना अजून माझं डोकं तापतं. तेव्हा मध्येच तोंडातून काही वेडंवाकडं गेलं तर समजून घ्या. नाही घेतलंत तरी मी बोलणारच आहे.

लहानपणी यानं वडिलांचा रेडिओ खोलला होता. वडील घरी आले तेव्हा सतरंजीवर स्क्रू पसरलेले आणि हा मधोमध बसलेला. मार खाल्ला, मग रडत रडत रेडिओ जोडला, आणि तो आधीपेक्षा स्वच्छ वाजायला लागला. वडील म्हणाले, ‘गाढवाला अक्कल आहे, पण ती कानात आहे.’ पुढं त्यानं भाड्यानं एक शटरची खोली घेतली. खिळ्यांवर वायरींची भेंडोळी, प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर लांबी लिहिलेली. त्याच्या सभेत कधी खरखर ऐकू आली नाही, की कधी माईक किंचाळला नाही.

त्याच्या धंद्याचा एक नियम होता. ज्यानं बोलावलं त्याच्या हाताकडे बघायचं. उजवा हात बटणावर, डोळे मालकाच्या हातावर. तळहात वर उचलला की आवाज वाढवायचा, खाली दाबला की कमी करायचा. मनगटावर दोन बोटं आपटली की बोलणाऱ्याची वेळ संपली, माईक बंद. ही खूण लागतेच हो, कारण पुढारी एकदा सुरू झाला की आपण होऊन थांबल्याचं कुणी ऐकलेलं नाही. हॅलोचा हात इतका तयार होता की बोटं मनगटाला लागायच्या आत आवाज गेलेला असायचा. त्याचा त्याला अभिमान होता. बोलणारा काय बोलतो याच्याशी मात्र त्याला काही देणंघेणं नसायचं. मी विचारायचे, ‘काय म्हणाले रे मंत्री?’ तर म्हणायचा, ‘घसा बसला होता त्यांचा, मी जरा उचलून घेतला.’

सकाळी एका पक्षाची सभा, संध्याकाळी त्याच मैदानावर दुसऱ्याची. दोघांनाही सारखाच आवाज द्यायचा. मला सांगायचा, ‘ताई, माईक एकच असतो. पाळीपाळीनं सगळ्यांनी बोलायचं, बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं, मग काय ते ठरवायचं. राज्यकारभार म्हणजे दुसरं काय असतं?’ मी हसायचे. पण खरं सांगते, मलाही ते पटायचं.

आता दवाखान्याचं सांगते. आमच्या भागात सरकारी दवाखाना होता. पुढं औषधाची खिडकी, मागं बाळंतपणाची खोली, तीन खाटा, खिडक्यांना अर्धे हिरवे पडदे. मी तिथं एकतीस वर्षं नर्स होते. या भागातली निम्मी माणसं मी पाठीत चापटी मारून रडवलेली आहेत. त्यांतली काही आता मोठ्या आवाजात माझ्याशी वाद घालतात, तेव्हा मला ती चापटी आठवते. मी निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी नोटीस निघाली. दवाखाना बंद करून जागा ऑफिसांच्या आणि दुकानांच्या इमारतीला देणार. बाळंतिणींची ‘पर्यायी सोय’ अकरा किलोमीटरवरच्या मोठ्या इस्पितळात. दोन बस बदलून जायचं. कळा देत.

पण कायद्यात एक अट होती. बंद करण्याआधी लोकांची सुनावणी घ्यायची. भर सभेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुणी हरकत घेतली, तर ती इतिवृत्तात लिहायची आणि तिला लेखी उत्तर दिल्याशिवाय दवाखान्याला हात लावायचा नाही. एक हरकत पुरे होती. लेखी अर्जाचीही सोय होती म्हणे. पण ती नोटीस लावली होती कचेरीच्या दाराला, आतल्या बाजूनं, आणि आम्ही ती वाचली तेव्हा अर्जांची मुदत संपून गेली होती. म्हणजे सगळी भिस्त त्या सभेवर.

बुधवारी सकाळी अकराची वेळ ठेवली. लोक कामावर असतील, कोण येतंय, असा हिशोब असणार. चारशे माणसं आली. रजा टाकून आली, दुकानं बंद करून आली, कडेवर पोरं घेऊन आली. शाळेच्या हॉलमध्ये समोर टेबल, टेबलामागं तीन अधिकारी, मधले मोठे साहेब. बोलायला अकरा जणांनी नावं दिली होती. पहिलं माझं. आणि स्टेजच्या बाजूला बटणावर हात ठेवून हॅलो. कचेरीचं माईकचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडेच होतं.

मी चार मिनिटांचं बोलणं तयार करून गेले होते. गेल्या वर्षी दोनशे चाळीस बाळंतपणं झाली. त्यांतल्या एकोणीस जणी दारात पोचल्या तेव्हा अर्धा तासही उरला नव्हता. त्या एकोणीस जणींना तुम्ही कुठल्या बसमध्ये बसवणार, एवढंच मला विचारायचं होतं. मी म्हटलं, ‘नमस्कार. मी या दवाखान्यात एकतीस वर्षं...’ आणि माझा आवाज गेला. मला वाटलं, वायर सुटली. मी ओरडून बोलायला लागले, पण वर बारा पंखे घरघरत होते. तिसऱ्या रांगेतली बाई कानामागं हात धरून बघत होती. मग साहेबांनी त्यांच्या स्वतःच्या माईकवर, जो अगदी ठणठणीत चालू होता, सांगितलं, ‘बाईंची वेळ संपली. पुढचे या.’

पुढचे आले. बसचा ड्रायव्हर, शाळेतल्या बाई, गॅरेजवाला, एक आजोबा. दहाच्या दहा जण मेलेल्या माईकसमोर उभे राहिले, ओठ हलवले आणि खाली उतरले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी हॅलोच्या घरी गेले. तो दाराशी पायरीवर बसला होता. मी विचारलं, ‘काय रे, वायर सुटली होती का?’

‘माझी वायर सुटत नाही,’ तो म्हणाला. ‘मी बंद केला, ताई. साहेबांनी मनगटावर बोटं मारली आणि माझा हात गेला. डोळे त्यांच्या हाताकडे होते. कोण बोलतंय ते मी बघितलंच नाही.’

‘आणि बघितल्यावर?’

आत भावजय भांडी घासत होती. ती तिथूनच म्हणाली, ‘बघितल्यावर सुरू करायला गेले, तर शिपायानं हात धरला. साहेबांनी सांगितल्याशिवाय नाही म्हणाला. मग हे घाबरले. तेही सांगा की बहिणीला.’

उठले आणि घरी आले. नऊ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. परक्यानं तोंड दाबलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. ज्याला मी कडेवर घेऊन फिरवला, त्यानं माझा आवाज बंद केला होता, आणि तोही कुणाच्या तरी दोन बोटांवर.

दहाव्या दिवशी इतिवृत्त आलं. हॅलोच घेऊन आला माझ्याकडे. त्यात लिहिलं होतं: ‘अकरा नागरिकांनी बोलण्यासाठी नावे दिली. ध्वनिक्षेपकातील बिघाडामुळे त्यांचे म्हणणे ऐकू आले नाही. बिघाडास कंत्राटदार जबाबदार आहे. एकही हरकत नोंदवली गेली नाही. सुनावणी सुरळीत पार पडली.’

‘ताई,’ तो म्हणाला, ‘माझ्या मशीनमध्ये बिघाड नव्हता.’

‘चुलीत घाल तुझं मशीन,’ मी म्हटलं. ‘हे खोटं आहे, ते बोल.’

‘तेच बोलायला चाललोय.’

आणि गेला बिचारा. कचेरीत जाऊन स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, मशीन चांगलं होतं, साहेबांनी खूण केली, मी आवाज बंद केला, तेव्हा सुनावणी परत घ्या. साहेबांनी विचारलं, ‘बंद कर असा लेखी आदेश होता?’ हा म्हणाला, ‘तुम्ही मनगटावर बोटं मारलीत.’ साहेब म्हणाले, ‘मी घड्याळ बघत होतो.’ साहेब घड्याळ वापरत नाहीत. अख्ख्या कचेरीला माहीत आहे. पण ज्याच्या हाती शिक्का, त्याच्या हातात घड्याळ आहे की नाही हे तोच ठरवणार.

महिन्याभरानं पोलीस दारात आले. कंत्राटदारानं स्वतःच कबूल केलंय की त्यानं मुद्दाम आवाज बंद केला, तेव्हा सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा. चोराच्या उलट्या बोंबा. मी तशीच कचेरीत गेले आणि म्हटलं, अडथळा आला ना? मग सुनावणी परत घ्या. खिडकीतला कारकून म्हणाला, ‘इतिवृत्तात सुरळीत पार पडली असं आहे.’ म्हणजे बघा, एकच सभा. एका कागदावर ती उधळली गेली म्हणून माझा भाऊ गुन्हेगार, आणि दुसऱ्या कागदावर ती सुरळीत झाली म्हणून दवाखाना बंद. दोन्ही कागदांवर एकाच कचेरीचा शिक्का, आणि लाज म्हणाल तर दोन्हींवर नाही.

दवाखान्याला कुलूप लागलं. तिन्ही खाटा एका ट्रकमध्ये मावल्या. त्यानंतर पाण्याच्या पाइपलाइनची सुनावणी होती, तिला सात माणसं आली. गॅरेजवाल्याला विचारलं का नाही आलास, तर म्हणाला, ‘ताई, ओठ घरीही हलवता येतात.’

मग हॅलो रोज संध्याकाळी माझ्याकडे यायला लागला. वही घेऊन. ‘त्या दिवशी काय बोलणार होतीस ते सांग.’ मी सांगायचे, तो लिहायचा, मग वही मिटून म्हणून दाखवायचा. एकोणीसच्या जागी नव्वद म्हणायचा, मी दटावायचे. आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज सोडून बोलणं ऐकत होता. माझं झाल्यावर ड्रायव्हरकडे गेला, शाळेतल्या बाईंकडे गेला, आजोबांकडे तर चार वेळा गेला, कारण आजोबा दर वेळी वेगळंच सांगायचे. अकराही जणांचं त्यानं पाठ केलं. शाळेत ज्याला पाढे पाठ झाले नाहीत, त्यानं.

खटल्याच्या आधी सरकारी वकिलानं निरोप पाठवला. वायर सैल होती एवढं लिहून दे, खटला मागं घेतो, कचेरीचं काम परत देतो. भावजयीनं मला विचारलं, ‘ताई, लिहून दिलं तर काय बिघडलं? दवाखाना तर गेलाच.’ तिचं चुकत नव्हतं. घर तिला चालवायचं होतं. मी काही बोलायच्या आत हॅलो म्हणाला, ‘मी एकदा गप्प बसलोय. ते अजून पचलेलं नाही.’ तिनं त्याचा पांढरा शर्ट इस्त्रीला काढला.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी विचारलं, ‘गुन्हा कबूल आहे?’

‘आवाज बंद केला ते कबूल आहे,’ हॅलो म्हणाला. ‘काय बंद केलं तेही लिहून घ्या.’

सरकारी वकील उठले की याचा खटल्याशी संबंध नाही. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग टंकलेखकाला म्हणाल्या, ‘आरोपीचा जबाब आहे. घ्या.’

आणि माझा भाऊ बोलायला लागला. दोनशे चाळीस, एकोणीस, अर्धा तास, दोन बस. एक आकडा चुकला नाही. मग ड्रायव्हरचं, मग शाळेतल्या बाईंचं. जेवणाची सुट्टी झाली तरी कुणी उठलं नाही. मागच्या बाकावर आजोबा बसले होते. स्वतःचं म्हणणं आलं तेव्हा ते उभे राहिले आणि संपेपर्यंत उभेच राहिले. मी रडले. एकतीस वर्षं दुसऱ्यांना ‘रडू नको’ म्हणणारी मी, पदर तोंडात कोंबून रडले.

निकाल लागला. दोषी. दंड, आणि सरकारी काम कायमचं बंद. खासगी लोकांनीही बोलावणं सोडलं, उगाच कचेरीची वाकडी नजर कशाला, म्हणून.

मी निकालाची नक्कल काढली. तिसऱ्या पानापासून नवव्या पानापर्यंत आमच्या अकराही हरकती, शब्दन् शब्द, प्रत्येक पानावर गोल शिक्का. ती घेऊन मी कचेरीच्या खिडकीवर गेले आणि म्हटलं, ‘आता नोंदल्या गेल्यात. द्या लेखी उत्तर.’

कारकुनानं पानं चाळली. माणूस वाईट नव्हता, माझ्याच हातावर जन्मलेला होता, मान खाली घालून बोलला. ‘ताई, हा शिक्षा झालेल्या माणसाचा जबाब आहे. याला उत्तर देता येत नाही.’

आमचं म्हणणं सरकारनं एकदाच लिहून घेतलं, आणि तेही माझ्या भावाचा गुन्हा म्हणून.