‘अपेक्षा’ या रकान्यात

वाशिंदच्या कंपनीचं पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकताना हाताला जरा जाडच लागलं. मी दचकले. पण मी पाल चुकचुकली तरी दचकते, म्हणून सोडून दिलं. तेच चुकलं!

तिथे येतेच, आधी बाकीचं ऐका. शहापूर-मुरबाडकडच्या आम्ही तिघी, मी, वैशाली आणि जया, नव्वदच्या दशकात एकाच वर्षी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो. वर्षभर मुलाखती दिल्या. पगार काही साठला नाही, किस्से मात्र साठत गेले.

*

आटगावला एका गोडाऊनच्या शेठने वैशालीला विचारलं, "पगाराची अपेक्षा किती?"

ही हुशार. म्हणाली, "शेठ, ते मागणी-पुरवठ्यावर ठरतं."

शेठने दाराबाहेर पाहिलं. बाकावर आणखी वीस पोरी बसलेल्या. "मग आठशे!"

"त्याला नियम मीच शिकवला गो!" वैशाली घर येईपर्यंत एवढंच म्हणत होती.

*

जया मुरबाडच्या एका पतपेढीत गेली. चेअरमननी विचारलं, "अर्थशास्त्रात काय काय येतं?"

"तुटीचा अर्थसंकल्प."

"ते आमाला न शिकता येतं!"

तिथला पगार ऐकून सिद्धगडाच्या पायथ्याला राहणारी तिची आई म्हणाली, "पंधरा वर्सं शिकून एवढाच? त्यापेक्षा भाताच्या लावणीला ये गो. वर जेवन पन देतो आमी!"

*

माझं प्रकरण जरा घाईचं होतं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावलं होतं, "तुळशीच्या लग्नापर्यंत नोकरी लागली तर ठीक. नाय तर स्थळं बघायची." मला नोकरीच हवी होती. रात्री झोपेतसुद्धा मी मुलाखत द्यायचे!

वाशिंदच्या कंपनीतले क्लार्कसाहेब म्हणाले, "पंधराशे देऊ." नेमका तेव्हाच डोक्यावर भोंगा वाजला. मी किंचाळले, "नाय!"

"बरं बरं, सोळाशे," साहेबच घाबरले. "बायोडाटा पाठवा. मोठ्या साहेबांनी हो म्हटलं की झालं."

बाहेर वैशाली माझ्यावरच चिडली. "पुढच्या भोंग्यापर्यंत बसायचं ना गो!"

*

आता बायोडाटा. घरात दोन होते. एक नोकरीचा, आणि धीर न धरवून दादांनी कल्याणच्या स्थळासाठी लिहून घेतलेला दुसरा. दोन्हींत शेवटचा रकाना एकच : अपेक्षा. दोन्ही पाकिटं मीच भरली. एक पोस्टात टाकलं, दुसरं दादा स्वतः कल्याणला देऊन आले.

आल्या आल्या विचारलं, "पाकीट एवढं पातळ कसं गो? फोटो घातलास ना?"

नोकरीच्या बायोडाटाला पासपोर्ट साइज फोटो होता. स्थळाच्या बायोडाटाला साडीतला, पोस्टकार्ड साइज. जाड!

म्हणजे कल्याणला मुलाच्या आईने वाचलं असणार : "अपेक्षा : सोळाशे, दरवर्षी वाढ, रविवारी सुट्टी."

आणि कंपनीत?

तीन दिवस एसटीडी बूथवर उभी राहिले. फोन एंगेज. नाही तर नुसताच वाजतोय. चौथ्या दिवशी, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या सकाळी, कोणीतरी उचलला. क्लार्कसाहेबच!

"सर, तो बायोडाटा..."

"मिळाला ना. मोठ्या साहेबांनी अपेक्षा नीट वाचल्यात. स्वतःचं घर म्हणाल, तर कंपनीकडे क्वार्टर नाहीत. आणि निर्व्यसनी म्हणाल, तर साहेब तंबाखू खातात. चालत असेल तर सोमवारपासून या!"