डॅग्नी टेकडी उलटी चढते

डॅग्नी रस्टाडने माती-बर्फ उचलणाऱ्या जुन्या लोडरच्या इंजिनावर हात ठेवला. इंजिन गरम होतं.

"आधीच चालवून ठेवलंस?" तिने विचारलं.

विकणारा एल्रॉय म्हणाला, एवढ्या थंडीत जुन्या मशीनला त्रास नको म्हणून.

"मग मी उद्या येते. तोवर हात लावू नकोस. मला त्याचा त्रासच बघायचाय."

दुसऱ्या दिवशी मशीन खोकलं, त्याने पांढरा धूर सोडला आणि बऱ्याच विनवण्यांनंतर चालू झालं. डॅग्नीने पहारीने पुढची बकेट, म्हणजे माल उचलायचं पोलादी सूप, उचलून सांधे किती हलतात ते पाहिलं. तळाचं वाळलेलं शेण खरवडून पत्रा ठोकून पाहिला. मग सीटवर बसून मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा वर-खाली करून पाहिला. हा दांडा खाली नसेल तर मशीनने हलायचं नसतं, पण हे दांडा वर असतानाही हललं. एल्रॉयने दांड्याचा खटका तारेने बांधून टाकला होता.

"सगळेच बांधतात," तो म्हणाला. "गोठ्यात दहादा चढताना-उतरताना दांडा वर-खाली कोण करणार?"

"तुझा मेहुणाही बांधायचा. आता काठी घेऊन चालतो."

एल्रॉयने किंमत आपणहूनच उतरवली.

घरी आणल्यावर तिने पहिली ती तार कापली. खटका शेणाने गच्च झाला होता; तो काढून नवा बसवला. मगच तेल बदललं.

चर्चच्या टेकडीवरच्या दफनभूमीचं काम डॅग्नीकडे बापाकडून आलं होतं. बापाने ते फावड्याने केलं, तिनेही फावड्यानेच केलं, पण आता तिचा उजवा खांदा वर जात नव्हता, म्हणून हा लोडर. मिनेसोटात जमीन दगडासारखी गोठते. त्यामुळे हिवाळ्यात गेलेल्यांच्या शवपेट्या चर्चमागच्या दगडी खोलीत वसंतापर्यंत वाट पाहत. चर्चच्या मंडळाचा प्रमुख लोवेल एकर्न गेले काही महिने बोलत होता, की आता हे काम शहरातल्या कंत्राटदाराला द्यावं.

अशात जानेवारीत बोर्गहिल्ड लिंडविग गेली. तिचा नवरा आन्सगार नव्वदी ओलांडलेला. तो डॅग्नीच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. कॉफी निवली, त्याने घेतली नाही.

"तिला त्या खोलीत ठेवायचं नाही मला," तो म्हणाला. "वसंतात मी असेन असं कोण सांगतं?"

डॅग्नी म्हणाली, शनिवारी पुरू.

जमीन मऊ करण्याची रीत बापाची होती. लोखंडी टाकी उभी चिरून पालथी ठेवायची आणि तिच्याखाली कोळसा पेटता ठेवायचा. पण आधी कंबरभर बर्फ काढायला हवा, आणि थडग्यांच्या दाटीत तो टाकायला जागा नव्हती. तो बकेटीत भरून टेकडीखाली आणण्याखेरीज इलाज नव्हता.

रस्ता साफ होता, पण चढ उभा. रिकाम्या लोडरचं वजन मागे असतं, भरलेल्याचं पुढे. जड बाजू चढाकडेच ठेवायची, नाहीतर मशीन उलटतं. म्हणून डॅग्नी रिकामी वर जाताना मागे-मागे चढली आणि बकेट भरल्यावर मागे-मागेच उतरली, ती जमिनीपासून वीतभर वर ठेवून. मान वळवून वळवून ती पुढे आठवडाभर अवघडली.

चर्चच्या दारात कॉफी घेऊन मंडळी उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, एल्रॉयने पुढचा गिअर विकलाच नाही वाटतं. लोवेल सगळ्यांत मोठ्याने हसला. मग वर येऊन, काम कुठवर आलं ते पाहायला थडग्यांच्या दगडांवरून नेण्यासाठी उंच उचललेल्या बकेटखाली थेट शिरला.

डॅग्नीने बकेट खाली घेतली नाही. इंजिन बंद केलं, बकेट जागीच अडकून राहावी म्हणून दांडा वर केला आणि हात बांधून बसली.

"काय झालं? बिघडलं?"

"नाही. तू तिथून निघालास की चालू होईल."

लोवेलने वर पाहिलं. डोक्यावर पोलादी बकेट होती. तो बाजूला झाला, पार कुंपणापर्यंत. त्या दिवशी तो पुन्हा हसला नाही.

कोळशाने जमीन मऊ झाल्यावर खड्डा तिने फावड्याने खणला, डाव्या खांद्यावर भार घेऊन. कडा बापासारख्या सरळ उतरल्या. त्या तिने दोनदा पाहिल्या, दुसऱ्यांदा नुसत्या समाधानासाठी.

शनिवारी आन्सगार स्वतःच्या पायांनी पेटीमागून वर आला. वाटेवर त्याला कुणाच्या हाताचा आधार लागला नाही. नंतर चर्चच्या तळघरात हॅम घातलेले पाव वाटले जात होते. तिथे लोवेलने कॉफीचा पहिला कप डॅग्नीपुढे ठेवला आणि विचारलं, की मंडळाच्या शेडमध्ये लोडरला जागा करून दिली तर चालेल का. कंत्राटदाराचं नाव त्याने काढलं नाही.

"दार मोठं करावं लागेल," डॅग्नी म्हणाली.

आन्सगार जाताना तिच्या खुर्चीपाशी थांबला.

"तिच्या शेजारची जागा माझी. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"माझ्या वेळी घाई करू नकोस. अशीच ये, उलटी."